हात खाली

लग्नकार्यात कोणी "तुम्ही काय करता?" असं विचारलं, तर पूर्वी मी खरं उत्तर द्यायची. "पुतळे बसवून देते." समोरची बाई लगेच माझ्या हातांकडे बघायची, छिन्नी-हातोड्याचे घट्टे शोधायला. मग सांगावं लागायचं की नाही हो, पुतळा करणारा वेगळा, पुतळा मागणारे वेगळे, आणि या दोघांच्या मध्ये जे काही होतं ते निस्तरणारी ती मी. एवढं ऐकून झालं की ती बाई "अस्सं!" म्हणून जिलबीकडे वळायची. पुढेपुढे मी "आर्किटेक्टच्या ऑफिसात आहे" एवढंच सांगू लागले. तेही खोटं नव्हतं. पगार तिथूनच यायचा.

काम ऐकायला सोपं आहे. कोणाला तरी चौकात, बागेत, इमारतीसमोर एखादं शिल्प हवं असतं. मी जागा बघायची, ऊन कुठून येतं, लोक कुठून येतात, मागे होर्डिंग आहे का, हे सगळं. मग त्या कामाला साजेसा मूर्तिकार शोधायचा. तो आधी मातीचं हातभर मॉडेल करतो. ते समितीला दाखवायचं, त्यांचं समाधान झालं की मोठं काम सुरू. मग पाया, वजन, ट्रक, क्रेन, अनावरण. यातलं सगळं मला जमत गेलं. समिती मात्र शेवटपर्यंत जमली नाही. समितीतला प्रत्येक माणूस एकटा असताना शहाणा असतो, चहाही विचारतो. पाचजण टेबलाभोवती बसले की त्यांना हत्ती हवा होतो.

गिऱ्हाइकंही एकेक. नंदिनी नगरला क्लबच्या बागेत खाणकामगाराचा पुतळा बसवायचा होता. मॉडेल बघायला रिटायर झालेली मंडळी आली ती आपापले तरुणपणीचे फोटो खिशात घालून. कोणी उघड बोलेना, पण प्रत्येकाला वाटत होतं की चेहरा आपल्यासारखा व्हावा. मूर्तिकार हुशार. त्याने हेल्मेट भुवयांच्या पार पुढे ओढलं आणि हनुवटीवर धुळीचा थर दाखवला. अनावरणाला सगळे खूश होते. प्रत्येकाने घरच्यांना पुतळ्याशेजारी उभं करून फोटो काढला.

वैशाली नगरातल्या एका गृहस्थांना वडिलांचा अर्धपुतळा हवा होता, पण चष्मा काढता येण्यासारखा. मी म्हटलं, असं कसं, वाऱ्याने पडेल. ते म्हणाले, "मॅडम, बाबा झोपतानी चष्मा काढून ठेवत होते." मी ऑफिसात येऊन हसत हसत ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. नंतर एकदा संध्याकाळी तिकडून जाताना बघितलं, तर ते खरंच अंगणात उभे राहून दगडी बाबांच्या नाकावरचा चष्मा काढून सदऱ्याला पुसत होते. त्यानंतर ती गोष्ट मी हसत सांगितली नाही.

पण ज्या कामाबद्दल मला आजही कोणी विचारलं की मी खुर्ची ओढून बसते, ते विमानतळाचं. कोणतं विमानतळ ते लिहीत नाही. तिथले काहीजण अजून नोकरीत आहेत आणि मला त्या बाजूने प्रवास करावा लागतो.

नवं टर्मिनल होत होतं. बाहेर येण्याच्या दारासमोर, मोठ्या छपराखाली, जिथे आपल्या माणसाला न्यायला आलेले लोक कठड्याला टेकून उभे असतात, तिथे एक शिल्प हवं होतं. विषय 'स्वागत'. विमानतळावर पुतळा बसवणं म्हणजे चौकात बसवण्यासारखं नाही, हे मला तिथे कळलं. चौथरा उंच नको, कारण त्याच्या कडेला कोणी पिशवी ठेवून निघून गेलं तर? मागे पोकळी नको. टोकं नकोत. कॅमेऱ्याची नजर अडायला नको, टॅक्सीकडे जाण्याचा बोर्ड झाकला जायला नको. एवढ्या सगळ्या 'नको'तून जे उरेल ते शिल्प.

मूर्तिकार मी निवडला काशिनाथ. सांगलीकडचा माणूस, पन्नाशीचा, बोलायला कमी. तीस वर्षं त्याने एका मोठ्या मूर्तिकाराच्या स्टुडिओत काम केलं होतं. त्यांना तो 'मालक' म्हणे. पुतळे काशिनाथ करायचा, खालच्या पाटीवर नाव मालकांचं. यात फसवणूक काही नव्हती, त्या धंद्याची रीतच तशी आहे. पण मालक गेले, स्टुडिओ बंद झाला, आणि या माणसाकडे दाखवायला स्वतःच्या नावाचं एकही काम नव्हतं. माझ्याकडे आला तेव्हा त्याने कामाबद्दल एकच प्रश्न विचारला.

"ताई, पाटीवर नाव कुणाचं?"

"तुमचंच. अजून कोणाचं असणार?"

"मग करतो," तो म्हणाला, आणि पंच्याने तोंड पुसण्याच्या निमित्ताने बराच वेळ तोंड झाकून बसला. तेव्हाच मी मनाशी ठरवलं की काही झालं तरी हे नाव लागलं पाहिजे.

त्याने चित्र काढलं ते एका उभ्या बाईचं. नऊ फूट उंच, स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याचे तुकडे ठोकून, जोडून केलेली, साडीचा पदर किंचित उडालेला, हातांत स्वागताचं ताट. काम भिलाईजवळ कुम्हारीच्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये सुरू झालं. वर्कशॉपवाल्याला ओळखणारे आमच्या घरचे, म्हणजे माझे यजमान. ते भिलाईच्या पोलाद प्लांटमधून रिटायर झालेले, त्यामुळे कुम्हारीपासून दुर्गपर्यंत जिथे जिथे वेल्डिंगची ठिणगी उडते तिथे यांच्या ओळखी. काशिनाथ वर्कशॉपच्याच मागच्या खोलीत राहायचा. त्याला हिंदी येत नसे. समितीपुढे तो गप्प बसायचा आणि मी दुभाषी. मराठीतून हिंदीत, हिंदीतून मराठीत. मला या दुभाषेपणाचा थोडा अभिमानही होता.

ताट समितीने बघितलं आणि समिती जागी झाली. एक म्हणाले, ताटापेक्षा धानाची लोंबी द्या, छत्तीसगड आहे. दुसरे म्हणाले, बस्तरची घंटा द्या. तिसऱ्यांना दिवा हवा होता. चौथ्यांनी, आणि हे मी खोटं सांगत नाही, तिच्या हातात छोटं विमान द्यायला सांगितलं. सुरक्षा विभागाच्या वर्दीतल्या एक बाई आतापर्यंत शांत होत्या. त्या म्हणाल्या, "सर, हाथ में कुछ भी होगा तो उसमें कोई कुछ भी रख जाएगा। फिर हर बार पूरा एरिया बंद करना पड़ेगा।" अध्यक्षसाहेबांनी कपाळाला हात लावला. "ठीक है। हाथ खाली रहेंगे। आगे बढ़िए।"

मी त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीने लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला निघाले होते. स्टेशनवरूनच काशिनाथला फोन केला.

"ताट काढा," मी म्हटलं. "साहेब हात खाली ठेवा म्हणून राहिले."

"खाली?"

"हो, खाली."

"खालीच न्हवं, ताई?"

"अहो हो, खाली! गाडी आली माझी."

आता इथे बाहेरच्या वाचकांना थोडं सांगावं लागेल. आम्ही भिलाईचे मराठी. आई-वडील विदर्भातून आले, प्लांटच्या क्वार्टरमध्ये आम्ही वाढलो, घरात मराठी आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. दोन्ही भाषा एकाच उंबऱ्यावरून आत-बाहेर करतात. त्यामुळे आमच्या घरात "खाली बस" म्हणजे जमिनीवर बस, आणि "डबा खाली झाला" म्हणजे डब्यातलं संपलं. दोन्ही 'खाली' वर्षानुवर्षं गुण्यागोविंदाने नांदतात. कधी भांडण झालं नाही. सांगलीचं मराठी मात्र तसं नाही, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

पुण्याहून मी रोज फोटो मागायची. काशिनाथ पाठवायचा. चेहरा आला, फार सुंदर. पावलं आली. पदराच्या चुण्या आल्या. हातांचा फोटो मागितला की "हात चालू हायत" एवढंच उत्तर. मी नातवाच्या न्हाऊमाखूत दंग होते, मला वाटलं, असतील चालू.

परत आले ती सरळ कुम्हारीला गेले. वर्कशॉपच्या मधोमध ती उभी होती. मी पायांपासून वर बघत गेले आणि कमरेशी थांबले. दोन्ही हात खाली. अंगापासून जरासे सुटलेले, तळवे किंचित पुढे वळलेले, बोटं सैल. स्वागताचं नावनिशाण नाही. एखादी बाई बराच वेळ दाराकडे बघत उभी असावी तशी ती उभी होती.

"काशिनाथ, हे काय?"

"हात खाली," तो म्हणाला. "तुम्हीच सांगितलंत."

मी तिथेच लोखंडाच्या स्टुलावर बसले. दोन दिवसांनी समिती बघायला येणार होती.

घरी येऊन यांना सांगितलं. यांनी पेपर बाजूला ठेवला.

"मले सांग, तू त्याले मराठीत सांगतलं का हिंदीत?"

"मराठीत."

"थेच तं! आपल्या मराठीले मराठी फक्त आपणच म्हनतो. हिंदीत सांगतलं असतं तं त्यानं कोणाले तरी इचारलं असतं."

"आता काय करू ते सांगा."

"कापून वर करून टाका हात. वेल्डिंगच आहे, कोणतं ऑपरेशन आहे?"

यांच्या नोकरीत गर्डर चुकला की कापायचा, हेच आयुष्यभर झालेलं. मलाही आधी तेच वाटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कुम्हारीला गेले, तिच्यासमोर उभी राहिले, आणि काही केल्या "कापा" हा शब्द तोंडातून निघेना. मला ती आवडली होती. का ते सांगता येत नव्हतं, आणि "का ते सांगता येत नाही" हे समितीला सांगता येत नाही.

समिती आली. अध्यक्षसाहेब दारातच थबकले.

"मैडम, ये स्वागत कर रही है? ये तो ऐसे खड़ी है जैसे बस छूट गई हो।"

मी सगळं खरं सांगून टाकलं. "सर, आपने कहा था हाथ खाली। मराठी में खाली का मतलब नीचे होता है।"

"और हमारे वाले खाली को मराठी में क्या कहते हैं?"

"रिकामा."

"तो आपने रिकामा क्यों नहीं कहा?"

भिलाईत रिकामा फक्त माणूस असतो. डबा, ग्लास, खुर्ची, बर्थ, सगळं खालीच. सुरक्षेच्या बाई तोंडावर रुमाल धरून हसत होत्या. साहेब हसत नव्हते. ते पुतळ्याभोवती एक फेरी मारून आले.

"इनसे कहिए, हाथ काटकर ऊपर कर दें। नमस्ते बना दें। नहीं हो सकता तो रहने दीजिए, हम फव्वारा लगवा लेंगे।"

मी काशिनाथकडे वळले आणि भाषांतर केलं. त्याने माझं बोलणं संपेपर्यंत वाट बघितली. मग पुतळ्याच्या मनगटावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाला, "सांगा त्यांना, कापतो. त्यांचं शिल्प हाय. पण मग पाटीवर माझं नाव नको."

वर्कशॉपातली ग्राइंडिंग मशीन बंद होती, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. तीस वर्षं ज्या एका गोष्टीसाठी थांबला, ती हा माणूस चहाचा कप नको म्हणावं तशी नको म्हणत होता.

"क्या कह रहे हैं?" साहेबांनी विचारलं.

आयुष्यभर मी इमानदारीने दुभाष्याचं काम केलं. त्या दिवशी नाही केलं.

"सर, ये कह रहे हैं कि हाथ ऊपर गए तो टैक्सी वाला बोर्ड ढँक जाएगा," मी म्हटलं. "और शायद कैमरा भी।"

काशिनाथने गंभीरपणे मान डोलावली. सुरक्षेच्या बाईंनी फोनवर टर्मिनलचा नकाशा काढला, पुतळ्याकडे बघितलं, पुन्हा नकाशाकडे बघितलं. "सर, कैमरा तो सचमुच ढँकेगा। नीचे ही ठीक हैं। और हाथ में कुछ रखा भी नहीं जा सकता।"

साहेब विचार करत पुतळ्यासमोर उभे राहिले. त्यांचेही दोन्ही हात खाली सुटलेले होते, हे त्यांना माहीत नव्हतं.

"हाथ खाली तो हैं," ते शेवटी म्हणाले. "दोनों तरफ से। चलिए, रहने दीजिए।"

समितीच्या गाड्या निघून गेल्या. काशिनाथ म्हणाला, चला ताई, चहा पाजतो. हायवेवरच्या ढाब्यावर दुपारची गर्दी होती, ट्रकवाले, कॉलेजची मुलं. एकच टेबल उरलं होतं, त्यावर उष्ट्या ताटांचा ढीग. काशिनाथने हात उंचावून पोऱ्याला हाक मारली.

"भैया, दो चाय, शक्कर कम। और ज़रा ये टेबल खाली करवा दीजिए।"

मी त्याच्याकडे बघत राहिले. टेबल खाली झालं. चहा आला.

"काशिनाथ, तुम्हाला हिंदी येतं?"

"मालकांचा स्टुडिओ कुठं व्हता, तुम्ही कधी विचारलंत काय?"

नव्हतं विचारलं. त्याचं मराठी ऐकून मी कोल्हापूर धरून चालले होते. स्टुडिओ होता मथुरेजवळ. तीस वर्षं हा माणूस ब्रजवासीयांसारखं हिंदी बोलत होता, आणि वर्कशॉपात ते सगळ्यांना माहीत होतं. मला सोडून.

"मग समितीपुढे मुके का बसलात?"

"हिंदी येतं म्हटलं की हरेकजण थेट मलाच येऊन सांगणार, नाक असं कर, कान तसा कर. मधे तुम्ही हाय म्हणून निम्मं गाळून यायचं."

"म्हणजे फोनवर मी खाली म्हटलं ते..."

"रिकामं म्हणालात. कळलं की मला. म्हणून तर दोनदा विचारलं. तुम्ही दोनदा खाली म्हणालात." तो चहात फुंकर मारत हसला. मग म्हणाला, "ताई, तीस वर्षं मी हात वर केलेले पुतळे केले. आशीर्वाद देणारे, बोट दाखवणारे, तलवार धरलेले, भाषण करणारे. एकाचाही हात कधी खाली न्हाई. आणि स्टँडवर, स्टेशनवर बघावं तर वाट बघणाऱ्या माणसाला आपल्या हातांचं करायचं काय तेच कळत नसतं. एकदा तरी ते करायचं व्हतं. तुम्ही खाली म्हणालात, म्हटलं, देवानंच सांगितलं."

मला राग यायला हवा होता. आलाही असता, पण तो पुढे म्हणाला, "आणि तुमचं काय? मी बोललो एक, तुम्ही साहेबांना सांगितलं भलतंच. कॅमेरा!" आणि आम्ही दोघं इतके हसलो की ट्रकवाले वळून बघू लागले.

पुतळा बसला. पितळी पाटीवर काशिनाथचं पूर्ण नाव, गावासकट. अनावरणाच्या दिवशी त्याने नवा शर्ट घातला होता आणि पाटीसमोर उभं राहून स्वतःच फोटो काढून घेतला. पुढे तो सांगलीला गेला, त्याला दुसरी कामंही मिळाली, त्याच्या नावाची.

मनाला लागून राहिलं ते एवढंच की पाटीच्या पुढ्यातच सामानाच्या ट्रॉल्यांची रांग लागू लागली. मी तीनदा सांगून हटवली, चौथ्यांदा परत तिथेच. आता आत अडकलेली ती पाटी वाचायची तर ट्रॉल्यांवर चढावं लागेल. हे मी त्याला कळवलं नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात लेक आणि नातू येणार म्हणून मी विमानतळावर गेले होते. विमान उशिरा. कठड्याशी एक खेड्यातली बाई उभी होती, लुगडं, पायात रबरी चपला, सोबत कोणी नाही. नुसती उभी नव्हती, पुतळ्याचा हात धरून उभी होती. नऊ फुटी बाईचा खाली सोडलेला हात तिच्या बरोबर हाताशी येत होता. मी सहज विचारलं, कोणाला न्यायला आल्या? मुलगा. लेहकडे रस्त्याच्या कामावर होता. पाय मोडला, ठेकेदाराने विमानाने पाठवून दिला. पाय आहे की नाही ते फोनवर कोणी नीट सांगत नव्हतं.

मी काहीतरी धीराचं बोलले. ती माझ्याकडे न बघता, दाराकडे बघत म्हणाली, "एकर हाथ ल धरे हँव, त बने लागत हे, दीदी." हिचा हात धरलाय, तर बरं वाटतंय, असं ती छत्तीसगढीत म्हणत होती.

लोक बाहेर येऊ लागले. बराच वेळ कोणी नाही. मग एका पोरसवद्या माणसाला व्हीलचेअरवरून कोणीतरी बाहेर आणलं. एक पाय प्लॅस्टरमध्ये होता. दोन्ही पाय होते. बाईने पुतळ्याचा हात सोडला आणि आपले दोन्ही हात वर केले, जितके जातील तितके वर, आणि ओरडत कठड्याखालून वाकून पलीकडे पळाली. सुरक्षावाल्यांनीही अडवलं नाही.

माझे डोळे भरले होते, पण मी आधी फोन काढला. काशिनाथला सगळं सांगितलं, चपलांपासून प्लॅस्टरपर्यंत. पलीकडे ठोकण्याचा आवाज चालू होता, तो थांबला.

"तिनं नाव वाचलं काय, ताई?"

"नाही हो," मी म्हटलं. "आणि खरं सांगू का, ट्रॉल्यांच्या मागे गेलंय तुमचं नाव. कोणालाच दिसत नाही."

मला वाटलं, उगाच सांगितलं.

"हात कुठला धरला व्हता तिनं?" त्याने विचारलं.

"डावा."

"डावा न्हवं?" काशिनाथ म्हणाला. "तो चांगला झालाय."